पाण्याचा आणि माणसांचा हिशोब ठेवणारा माणूस

मैत्रिणींनो, आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीवर माझं नाव घातलं गेलं, तेव्हा घरात सगळ्यांना गंमतच वाटली. समितीवर बायका घ्याव्याच लागतात, म्हणून मला घेतलं असं कोणीतरी तोंडावर म्हणालंसुद्धा. मीही फार मनावर घेतलं नव्हतं. महिन्यातून एक बैठक, चहा, सही, संपलं. पण नव्या नळजोडण्यांची यादी करायची वेळ आली आणि पहिला निरोप आला तो माझ्या नणंदेचा. त्यांची गल्ली यादीत तळाला होती. वहिनी समितीवर असताना आपल्याला थांबावं लागतं, हे त्यांना पटेना. सासूबाईंनीही जेवताना दोनदा विषय काढला. मी काय करावं, हे मला खरंच कळत नव्हतं.

त्याच सुमारास मुलाच्या कॉलेजात इंजिनिअर दिन होता. १५ सप्टेंबर. त्याला भाषण करायचं होतं आणि ते लिहून द्यायचं काम, अर्थातच, आईचं. म्हणून वाचनालयातून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यावरची पुस्तकं आणली. मी बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. धरणं, कालवे, दरवाजे हे आपलं काम नाही असं समजून आजवर त्या वाटेला गेले नव्हते. वाचत गेले तसं लक्षात आलं, की या माणसाने जन्मभर जे केलं ते आपल्या रोजच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं. साठवायचं, सगळ्यांना पुरेल असं वाटायचं आणि त्याचा हिशोब ठेवायचा. आपण ते स्वयंपाकघरात करतो. त्यांनी ते एका अख्ख्या संस्थानाचं केलं.

शाळेत आपण त्यांच्या दोन गोष्टी ऐकलेल्या असतात. एक आगगाडीची, रुळांच्या आवाजावरून पुढचा धोका ओळखल्याची. दुसरी दोन मेणबत्त्यांची, सरकारी कामाला सरकारी आणि घरच्या कामाला घरची. अशा गोष्टी मोठ्या माणसांभोवती जमतातच, आणि मेणबत्तीची गोष्ट तर कितीतरी जणांच्या नावावर सांगतात. त्या मी बाजूला ठेवल्या. कारण जे खरंच घडलं, ते या गोष्टींपेक्षा मोठं आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. साल कुठे १८६० तर कुठे १८६१ असं छापलेलं आढळतं, तारीख मात्र तीच, १५ सप्टेंबर. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार. विद्या घरात भरपूर, पैसा बेताचाच. आईचं नाव वेंकटलक्ष्मी. मुलगा शाळेत जाण्याच्या वयात असतानाच वडील गेले. त्या काळात घरचा कर्ता गेल्यावर बाईने मुलांना घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. मुलाचं शिक्षण थांबू द्यायचं नाही, एवढं मात्र त्या घराने धरून ठेवलं. चिक्कबळ्ळापूरची शाळा संपल्यावर तो बंगळूरला मामांच्या आधाराने राहिला. कॉलेजचा खर्च भागवायला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून तो बी.ए. झाला.

पुढे इंजिनिअर व्हायचं तर पुण्याला जावं लागणार होतं, आणि पैसे कुठे होते? म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली, म्हणून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्याला प्रवेश घेता आला. हेच कॉलेज पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालं. कानडी बोलणारा, परक्या गावात राहणारा हा मुलगा १८८३ मध्ये शेवटच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला. मला वाटतं, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकल्याची जाणीव त्यांनी आयुष्यभर विसरू दिली नाही, स्वतःलाही आणि दुसऱ्यांनाही. लोकांच्या पैशातून आपण उभे राहिलो, तर तो पैसा लोकांकडे परत गेला पाहिजे, असं त्यांचं सगळं वागणं सांगतं.

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकची. आणि तिथून ते आले खानदेशात, म्हणजे माझ्या माहेरच्या मुलखात! साक्री तालुक्यात दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याची नळी पलीकडे न्यायची होती. याला सायफन म्हणतात. आपण रॉकेलच्या डब्यातून नळीने रॉकेल काढायचो, तेव्हा एक टोक खाली धरलं की तेल आपोआप यायचं, आठवतं? पाणी आपली पातळी शोधतं, याच तत्त्वावर हे काम. एका काठाचं पाणी नळीतून पात्राखाली उतरतं आणि दुसऱ्या काठाला पुन्हा वर चढतं. सांगायला सोपं. पण पावसाळ्यात पांझरेला पूर आला की केलेलं काम वाळूखाली गाडलं जायचं. नोकरीला लागलेला हा नवा पोरगा तिथेच तळ ठोकून राहिला आणि काम पुरं करूनच हलला.

माझ्या माहेरी पांझरेवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने द्यायचं, कोणी मोठा शेतकरी असला तरी पाळी मोडायची नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. विश्वेश्वरय्यांचं पुढचं एक मोठं काम वाचताना मला सारखी त्या फडांची आठवण येत होती. त्याबद्दल थोडं पुढे सांगते.

१८९० नंतरच्या काळात त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदी दारात, पण पाणी इतकं गढूळ की पिण्याच्या लायकीचं नाही. गाळण्यासाठी मोठे हौद बांधायचे तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी काय केलं असेल? नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खोदायला लावली. तिथून नदीच्या तळाखाली बोगदा काढला. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप गाळलं जाऊन विहिरीत यायचं, आणि तिथून ते पंपाने उंचावर चढवून गावाला दिलं. १८९५ मध्ये हे काम झालं. आपल्या खेड्यांतल्या बायका कोरड्या नदीत वाळू उकरून झरा काढतात, घागरी घागरीने स्वच्छ पाणी भरतात. तेच शहाणपण त्यांनी एका शहरासाठी वापरलं, असं मला वाटलं. गरिबीतून वर आलेल्या माणसाला कमी पैशांत भागवायची युक्ती सुचते, हे मात्र खरं.

त्यानंतर पुणे. पुण्याला तेव्हाही पाणी खडकवासल्याच्या तलावातून यायचं. तिथे अडचण अशी होती, की पावसाळ्यात सांडव्यावरून भरमसाट पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. भिंत उंच करायची तर खर्चही मोठा आणि जुन्या भिंतीवर भारही मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले, आणि तेही आपोआप उघडणारे. पाणी ठराविक रेषेपर्यंत चढेस्तोवर दरवाजे बंद, म्हणजे तेवढं पाणी जास्त साठतं. रेषेच्या वर पाणी गेलं की त्याच पाण्याच्या जोरावर दरवाजे उघडतात आणि पूर निघून जातो. पातळी उतरली की पुन्हा मिटतात. मध्यरात्री पूर आला तरी कोणी धावत जाऊन चाक फिरवायला नको. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि तलावाचा साठा आठेक फुटांनी वाढला. जुनी भिंत तीच, पाणी जास्त. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या धरणावर तसेच दरवाजे बसले.

या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पण सरकारी नोकरीत असताना, सरकारच्या कामासाठी शोधलेल्या वस्तूवर मानधन घेणं त्यांना योग्य वाटलं नाही. त्यांनी ते घेतलं नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. कायद्याने हक्काचा असलेला पैसा सोडणं म्हणजे काय, हे पगारावर घर चालवणाऱ्या बाईला कळतं.

आता ते फडांसारखं काम. पुणे जिल्ह्यात नीरा कालव्यावर पाण्याची भांडणं रोजची झाली होती. कालव्याच्या वरच्या अंगाचे शेतकरी ऊस लावायचे आणि पाणी ओढून घ्यायचे. खालच्या अंगाला पाणी पोचेपर्यंत पिकं करपलेली. वर अति पाण्याने जमिनी चिबडायच्या, गावांत दलदल आणि हिवताप. म्हणजे एकीकडे पाण्यावाचून नुकसान, दुसरीकडे पाण्यामुळेच. विश्वेश्वरय्यांनी १९०० नंतर तिथे ब्लॉक पद्धत आखली. कालव्याखालची जमीन गटागटांत वाटली. गटाच्या ठरलेल्या भागातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि हे आलटून पालटून. जास्त शेतकऱ्यांना पाण्याचा वाटा, जमिनीला विश्रांती, आणि कोणाला किती पाणी मिळणार हे आधीच ठाऊक. सुरुवातीला विरोध झाला. जो वरच्या अंगाला बसलाय त्याला नियम नको असतो, हे तेव्हाही तसंच होतं. त्यांनी लोकांना बोलावलं, समजावलं, आणि हळूहळू पद्धत बसली. महाराष्ट्राच्या पाटबंधाऱ्यांच्या कारभारात ही ब्लॉक पद्धत पुढे वर्षानुवर्षं राहिली.

पुण्याच्या दिवसांत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा संबंध आला. देश नुसता भाषणांनी उभा राहत नाही, शाळा, कारखाने, बँका काढाव्या लागतात, हे रानड्यांचं म्हणणं त्यांच्या मनात पक्कं बसलं असणार. कारण पुढे हातात सत्ता आली तेव्हा त्यांनी नेमकं तेच केलं.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवलं. तिथल्या लष्करी वस्तीच्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना त्यांनी करून दिली. कीर्ती वाढत होती. पण मुंबई सरकारात चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर हिंदी माणूस बसण्याचे ते दिवस नव्हते. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. वय पन्नाशीच्याही आत. आपल्यापैकी कितीतरी जणी या वयात आता आपलं काय राहिलं असं म्हणायला लागतो. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तर तेव्हा सुरूच व्हायचा होता.

ते परदेशात फिरत असताना इकडे हैदराबादला आकाश कोसळलं. २८ सप्टेंबर १९०८. मुसी नदीला असा पूर आला की हजारो माणसं वाहून गेली, वस्त्याच्या वस्त्या धुऊन गेल्या. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतलं. नुसत्या शहरातल्या भिंती उंच करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. पूर शहरात येण्याआधी वरच अडवला पाहिजे. मुसी आणि तिची उपनदी इसी यांच्यावर शहराच्या वरच्या बाजूला तलाव बांधण्याचा सल्ला त्यांनी दिला. पुढे त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. पुरापासून बचाव आणि शहराला पिण्याचं पाणी, दोन्ही त्यांतून साधलं.

१९०९ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी, कृष्णराज वडियार यांनी, त्यांना आपल्या संस्थानात चीफ इंजिनिअर म्हणून बोलावलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या म्हैसूरकडे हा मुलगा पंचवीस वर्षांनी परतला. कावेरीवर कन्नंबाडी गावाजवळ मोठं धरण बांधायची योजना त्यांनी मांडली. तेच पुढचं कृष्णराजसागर. हेतू दोन. एक, शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राला बारमाही पाणी मिळावं, कारण कोलारच्या सोन्याच्या खाणी त्या विजेवर चालायच्या. दुसरा, मंड्याच्या कोरड्या जमिनीला पाणी मिळावं. खर्चाचा आकडा पाहून संस्थानातल्याच लोकांचे हात आखडले. खाली मद्रास इलाखा होता, त्याची कावेरीच्या पाण्याबद्दल हरकत होती. आधी कमी उंचीच्या धरणालाच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी धीर धरला, पण पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पेलेल असा रुंद घालायला लावला. आपण नाही का, मुलगा वाढत्या अंगाचा म्हणून शर्टाला आत दुमड ठेवून शिवून घेत!

१९११ मध्ये काम सुरू झालं. देशात सिमेंट सहज मिळत नव्हतं. म्हणून चुना आणि भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, यांच्या गाऱ्यावर ही प्रचंड भिंत उभी राहिली. मद्रासशी वाद १९२४ च्या करारापर्यंत चालला आणि धरण पूर्ण व्हायला १९३१ उजाडलं. तोपर्यंत विश्वेश्वरय्या पदावरून उतरून कितीतरी वर्षं झाली होती. मंड्याकडे लाखाहून अधिक एकर जमीन भिजली, ऊस आला, साखर कारखाना आला. दुसरी बाजूही सांगायला हवी. जुनं कन्नंबाडी आणि आसपासची गावं पाण्याखाली गेली. देवळं, शेतं, अंगणं, सगळं. धरणग्रस्त बायकांबरोबर मी थोडंफार काम केलंय. उठवलेल्या गावातली बाई नव्या जागी चूल मांडते, पण जुन्या उंबऱ्याची दिशा ती विसरत नाही. धरणाची गोष्ट सांगताना तिला वगळून चालणार नाही.

१९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाण केलं. इंजिनिअर माणूस एकदम संस्थानाचा मुख्य कारभारी! त्या वेळची एक हकिगत त्यांच्या चरित्रांत सांगतात. पद स्वीकारण्याआधी त्यांनी आईला आणि जवळच्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर अट ठेवली. माझ्याकडे कोणी नोकरी, बढती, शिफारस मागायला येणार नसाल तरच मी हे पद घेईन. आईने होकार दिला, मग त्यांनी महाराजांना होकार कळवला.

मैत्रिणींनो, माझ्या मुलाच्या भाषणात ही हकिगत दोन ओळींत येते. मी मात्र तिथेच अडकले. त्या आईला त्या क्षणी काय वाटलं असेल? विधवा बाई, मुलासाठी किती जणांचे उपकार घेतलेले. त्याच नातेवाइकांची मुलं आता हुद्द्याच्या आशेने दारात येणार, आणि तिने सगळ्यांसमोर नाही म्हणायचं. मुलाच्या नावाचा डंका वाजला, पण नात्यातली नाराजी तिच्या वाट्याला आली असेल. मोठ्या माणसाच्या प्रामाणिकपणाची किंमत घरातल्या बाईलाही मोजावी लागते. ती मोजायची तयारी त्या माउलीने दाखवली, म्हणून दिवाणाला ताठ मानेने काम करता आलं.

आणि काम तरी किती! सहा वर्षांत त्यांनी जे उभं केलं, त्याची यादी वाचतानाही दमायला होतं. १९१३ मध्ये म्हैसूर बँक. त्याच साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा कायदा. १९१५ मध्ये कन्नड साहित्य परिषद. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, जे संस्थानी मुलखातलं पहिलं विद्यापीठ. १९१७ मध्ये बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज. चंदनाच्या तेलाचा कारखाना, साबणाचा कारखाना. आपल्या माहेरवाशिणी म्हैसूरहून आणायच्या त्या चंदनाच्या साबणाचं मूळ या काळात आहे. शाळांची संख्या सहा वर्षांत दुपटीच्या पुढे गेली. आपल्या जंगलातलं चंदन बाहेर पाठवून त्याचं तेल बाहेरून विकत का आणायचं, असा साधा विचार. आपणही दूध विकून पोरांना दुकानातली मिठाई आणत नाही, घरीच खवा करतो, तसंच ते.

पण सगळंच गोड सांगितलं तर ते खोटं होईल. १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. त्यामागे मतभेद होता तो मागास समाजांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा. सरकारी जागा मोठ्या प्रमाणावर एकाच वर्गाच्या हाती होत्या आणि इतरांना वाट मिळावी, अशी मागणी जोर धरत होती. महाराजांचा कल त्या बाजूला होता, त्यांनी त्यासाठी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचं म्हणणं असं, की शिक्षणाला हवी तेवढी मदत करा, पण निवड गुणांवरच व्हावी.

इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. गुण काय फक्त एका घरात जन्म घेतात? ज्यांच्या घरात कधी पाटी-पेन्सिल आली नाही, त्यांच्यासाठी दार जरा धरून ठेवावं लागतं. १९९३ मध्ये पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, पुढे महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. त्याआधी आमच्या भागात किती बाया ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसल्या होत्या? पहिल्या वर्षी नवऱ्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या बायांना तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला जाब विचारताना मी डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः समितीवर आले तीही बायका घ्याव्याच लागतात म्हणूनच. महाराजांचं बरोबर होतं असं मला वाटतं. मात्र एक गोष्ट विश्वेश्वरय्यांची मानायला हवी. पटलं नाही तेव्हा खुर्चीला चिकटून, आतून कुरबुर करत बसले नाहीत. पद सोडलं आणि बाजूला झाले.

बाजूला झाले म्हणजे घरी बसले असं नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला खरा, पण तोट्यात चालला होता. त्यांच्याच कल्पनेतला कारखाना, तेव्हा तो सावरण्याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात आली. त्यांनी १९२९ पर्यंत तिथे लक्ष घालून घडी बसवली. या कामाचं साठलेलं मानधन स्वतः न घेता त्यातून बंगळूरला तरुणांना हातचा धंदा शिकवणारी संस्था निघाली. तिला स्वतःचं नाव दिलं नाही, राजघराण्याचं दिलं. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. पंचवार्षिक योजना हा शब्द आपल्या कानावर यायला अजून बरीच वर्षं होती.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढे होते. १९५२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, बिहारमध्ये गंगेवर पूल कुठे बांधावा याचा सल्ला द्यायला ते गेले. मोकामाजवळचा तो पूल १९५९ मध्ये खुला झाला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये टपाल खात्याने त्यांच्या हयातीतच त्यांचं तिकीट काढलं. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं, तेव्हाही ते हयात होते. ज्या भिंतीसाठी ऐन उमेदीत डोकं झिजवलं, ती गेल्याची बातमी या वृद्धाला ऐकावी लागली असेल. एप्रिल १९६२ मध्ये वयाची शंभरी ओलांडून ते गेले. त्यांची समाधी त्यांच्या त्या लहानशा मुद्देनहळ्ळीतच आहे. आपल्या नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं, आणि १५ सप्टेंबर देशभर इंजिनिअर दिन म्हणून पाळतात.

मुलाचं भाषण छान झालं. त्याला बक्षीस काही मिळालं नाही, पण घरी येऊन त्याने सायफन करून दाखवला, दोन बादल्या आणि एका नळीने, आणि अख्खं न्हाणीघर ओलं केलं.

आता तुम्ही विचाराल, नणंदेच्या नळाचं काय झालं? बैठकीत यादी वाचली गेली. कोणती गल्ली टाकीपासून किती लांब, किती घरं, हापशावर किती बायकांची रांग, हे आम्ही बायकांनी आठ दिवस फिरून वहीत लिहून आणलं होतं. त्या वहीप्रमाणे क्रम लागला. पहिला नंबर गावाबाहेरच्या वस्तीचा आला, जिथल्या बायका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. नणंदेच्या गल्लीचा नंबर होता तिथेच राहिला. मी मध्ये काहीच बोलले नाही. मग मी घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत केला. जेवणं झाल्यावर धीर करून सांगितलं, की समितीवर आहे तोवर माझ्याकडे असलं काही मागू नका. इतर कोणतंही काम सांगा, दवाखाना असो, लग्नकार्य असो, रात्री-अपरात्री येईन.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठून हात धुवायला गेल्या. नणंद दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. संक्रांतीला वाण घेऊन मीच गेले, तेव्हा चहा झाला, पण पूर्वीसारखं मोकळं अजून वाटत नाही. त्यांची जोडणी त्यांच्या पाळीने, मार्चमध्ये झाली. आता पाणी येतं तेव्हा त्या पहिली घागर भरून शेजारच्या म्हातारीला नेऊन देतात, हे मी पाहिलंय.

आणि सासूबाई? परवा वही सापडत नव्हती म्हणून मी घरभर शोधत होते. त्यांनी ती देवघराच्या फळीवर नीट ठेवली होती, म्हणाल्या की मुलांच्या हाती लागून फाटली असती.